मॅटर सबज्युडिस आहे

नागपुरात दोन गोष्टी न मागता मिळतात. एक ऊन, दुसरा कायद्याचा सल्ला. पानठेल्यावर खर्रा घोटणारं पोट्टंसुद्धा हात न थांबवता सांगतं, "भाऊ, यात काई दम नाई. अँटिसिपेटरी टाकून द्या." कशात दम नाही हे विचारायच्या आत खर्रा पन्नीत बांधून आपल्या हातात असतो.

दोष त्याचा नाही, गावाचा आहे. हे शहर एकेकाळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. १९३६ साली इथं स्वतःचं हायकोर्ट आलं. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या, त्यात ते गेलं आणि मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आमच्या वाट्याला आलं. हिदायतुल्ला इथल्या मॉरिस कॉलेजात शिकले आणि पुढं देशाचे सरन्यायाधीश झाले. शरद बोबडे तर इथलेच. भूषण गवई अमरावतीचे, पण त्यांची वकिली आमच्या खंडपीठातली. एवढं सगळं झाल्यावर सिव्हिल लाईन्समधून नुसती स्कूटर नेली तरी आपण निम्मे वकील झालो, असं नागपूरकराला वाटणारच. मलाही वाटायचं. मग नोटीस आली.

त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये माणसांना मजल्यावरून ओळखतात. तिसरा मजला म्हणजे वीज मंडळातून निवृत्त झालेले साहेब, दुसरा म्हणजे ट्यूशन घेणाऱ्या मॅडम, पहिला म्हणजे मी. एका रविवारी तळमजल्यानं पार्किंगमध्ये चार लोखंडी पाइप रोवले आणि वर पत्रे टाकले. त्याखाली त्यांची स्कूटर, एक जुना कूलर आणि त्या कूलरच्या गेल्या कित्येक उन्हाळ्यांच्या ताट्या विसावल्या. स्कीमचा सचिव मी. ज्या मीटिंगला मी हजर नव्हतो, नेमकी तिथंच माझी बिनविरोध निवड झाली होती. मी तळमजल्याला साध्या मराठीत चिठ्ठी पाठवली, 'शेड काढावी ही विनंती.' उत्तर रजिस्टर पोस्टानं आलं. चार पानं, इंग्रजी, खाली वकिलाचा निळा शिक्का.

गच्चीवर जाहीर वाचन ठेवलं. मॅडमनी चष्मा सावरून सुरुवात केली.

"यात तुम्हाला 'नोटिसी' म्हटलंय."

"शिवी आहे का?" तिसऱ्या मजल्यानं आशेनं विचारलं.

"ते माहीत नाही. पण प्रेमानं म्हटलेलं वाटत नाही."

पुढं 'द सेड शेड' सुरू झालं. इन द सेड शेड, अंडर द सेड शेड, रिमूव्हल ऑफ द सेड शेड. दुसऱ्या पानावर मॅडमची जीभ वळली आणि 'द शेड सेड' झालं, म्हणजे शेडच काहीतरी बोलली. शेवटच्या ओळीत 'फेलिंग विच' आलं.

"कोण फेल झालं?" मागून चौकीदारानं विचारलं.

"आपणच असू," मी म्हटलं.

वकील तर लावावाच लागणार होता. पण आपला वकील काय बोलतो आणि समोरचा काय बोलतो हे आपल्याला कळलंच पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. पुण्याच्या मुलानं मोबाइलवर इंग्रजीचे धडे लावून दिले. त्यात 'कायदा, गुन्हेगारी आणि न्यायव्यवस्था' असा एक अख्खा भाग होता. शिकवणारी लंडनची बाई, अंगात पिवळा स्वेटर, चेहरा सदा हसरा. 'मर्डर' हा शब्द ती 'गुड मॉर्निंग'च्या चालीवर म्हणायची आणि आपल्याकडून घोकून घ्यायची.

चोरांच्या बाबतीत इंग्रजी फार काटेकोर निघाली. घर फोडणारा वेगळा, रस्त्यात अडवणारा वेगळा, दुकानातून उचलणारा वेगळा, खिसा कापणारा वेगळा. माणूस चोर असला म्हणून त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, त्याचं स्वतंत्र नाव राखायचं. मग मी आपल्या कायद्यातली वर्गवारी पाहिली. चोरी, जबरी चोरी आणि दरोडा. पाच किंवा अधिक जण मिळून करतील तरच तो दरोडा. चौघे असतील तर जबरी चोरीवर समाधान मानायचं. म्हणजे दरोड्यालासुद्धा कोरम लागतो, आणि आमच्या स्कीमच्या मीटिंगला तेवढाही भरत नाही.

ज्युरीवर तर त्या बाईनं तीन धडे खर्च केले होते. आपल्याकडं १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं ज्युरीला जागाच ठेवली नाही. कारणं वेगळी असतील, पण बारा नागपूरकर एका खोलीत बसवले तर पोह्यावर तर्री किती घ्यावी यावरसुद्धा त्यांचा निकाल लागायचा नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असावं.

शब्दकोश चाळताना मात्र छाती फुगली. इंग्रजांनी आपल्याला अपील दिलं, स्टे दिला, समन्स दिलं. आपणही त्यांना रिकाम्या हातानं पाठवलेलं नाही. ठग दिला, लूट दिली, डकैती दिली. शेजारच्या जबलपूरला बसून स्लीमननं ठगांच्या मागं हात धुऊन लागायचं, आणि त्याच्या भाषेनं ठगांना शब्दकोशात कायमचं घर द्यायचं! १८६० च्या दंडसंहितेत ठगांसाठी वेगळं कलमही होतं. नव्या संहितेत ते वगळलं. ठग कायद्यातून गेले. बाकी ठिकाणांहून गेल्याचं अजून ऐकिवात नाही.

पाठांतर सकाळी अंबाझरीला फिरताना करायचो. हात मागं बांधून, मोठ्यानं. ही वॉज अरेस्टेड. ही वॉज चार्ज्ड. ही वॉज कन्व्हिक्टेड. काही दिवसांनी रोजचे फिरणारे मला पाहून वाट बदलू लागले. एका सद्गृहस्थानं मात्र जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला.

"काका, मुलगा का?"

"मुलगा पुण्याला असतो," मी म्हटलं.

"येरवड्याला ना? धीर धरा. सुटतात."

घरी सराव करणं भाग पडलं. संधीही चालून आली. संत्रा बर्फीचा डबा सौ.नं फळीवर मागं ठेवला होता, माझी साखर वाढल्यापासून तो माझ्यासाठी निषिद्ध प्रदेश होता, आणि तरीही त्यातले तुकडे कमी झाले होते.

"तुम्ही खाल्ली?"

"आय प्लीड नॉट गिल्टी."

"प्लीज म्हणून काही होणार नाही. आधी मिशी पुसा, वर्ख लागलाय."

"हा निव्वळ सर्कमस्टॅन्शियल एव्हिडन्स आहे."

"असू द्या. उद्यापासून सकाळी कारल्याचा रस."

मी अपिलात गेलो. अपील आईकडं असतं. आईनं जपमाळ बाजूला ठेवून दोन्ही बाजू ऐकल्या, मग म्हणाली, "तीन-तीन खाल्ल्या आणि मला एक देववली नाही?" अपील फेटाळून शिक्षा वाढवण्यात आली. कारल्याच्या रसासोबत रात्रीचा भातही गेला. लंडनच्या बाईनं हे कुठंच शिकवलं नव्हतं. तिच्या धड्यात अपील केलं की माणूस सुटायचाच.

शब्दांनंतर मी कलमांकडं वळलो. खून ३०२, फसवणूक ४२०, जमावबंदी १४४. ही तीन तर आमच्याकडं शाळेत न जाताही येतात. मी पुढची पाठ केली, वहीत तक्ता केला, तक्त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि १ जुलै २०२४ ला सरकारनं सगळा कायदा बदलला. ५११ कलमांच्या जागी ३५८ आली. खून १०३ वर गेला, फसवणूक ३१८ वर. ४२० हे कलमच उरलं नाही. राज कपूरचा १९५५ चा सिनेमा एका रात्रीत निर्दोष सुटला. ३०२ अजून आहे, पण आता ते धार्मिक भावना दुखावणाऱ्याला लागतं, त्यामुळं हिंदी सिनेमातल्या निम्म्या जज्जांनी चुकीच्या गुन्ह्यासाठी फाशी दिली असं झालं. सगळ्यात बहार प्रक्रिया संहितेत. जमावबंदी १६३ वर गेली आणि तिच्या रिकाम्या १४४ वर पोटगी येऊन बसली.

"शहरात एकशे चव्वेचाळीस लागणार म्हणतात," तिसरा मजला जिन्यात म्हणाला.

"लागू द्या," मॅडम म्हणाल्या. "कित्येकींचे पैसे थकलेत."

चेक न वटण्याचं १३८ तेवढं जागचं हललं नाही, ते १८८१ च्या वेगळ्या कायद्यातलं. बाकी सगळं इकडचं तिकडं झालं, पण चेक मात्र जुन्याच कलमाखाली निष्ठेनं परत येत राहिले.

दरम्यान तळमजल्यानं दावा टाकला आणि न्यायमंदिरात आमची पहिली पेशी लागली. मी वही घेऊन गेलो. तिथं पोचल्यावर कळलं की खालच्या कोर्टाची भाषा मराठी. दाव्याची प्रत वकिलांनी माझ्या हाती दिली. 'सदर प्रतिवादी यांनी नमूद मिळकतीमधील वादीचे कब्जेवहिवाटीस विनाकारण हरकत व अडथळा केल्याने सबब प्रस्तुतचा दावा दाखल करणे भाग पडले असे की.' 'असे की' नंतर वाक्य संपतं. की काय, ते कुणी सांगत नाही. मी वकिलांना म्हटलं, "साहेब, हे जरा इंग्रजीत सांगाल का?" ते म्हणाले, "इंग्रजी हवी तर हायकोर्टात जावं लागेल." ते खरंही होतं. घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानं तिथं इंग्रजीच ठेवली आहे. तिथल्या इमारतीला दगडातलं काव्य म्हणतात, आणि १९३६ च्या आमच्या हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीशही आडनावानं स्टोन होते. पण आतलं गद्य ऐकायचं तर आधी इथं हरावं लागतं.

कोर्टाची खरी भाषा दाव्यात नसते, व्हरांड्यात असते. "आपलं मॅटर बोर्डावर आहे, पण रीच होणार नाही." "साहेब लिव्हवर आहेत, इनचार्ज कोर्टात तारीख घ्या." "समोरच्यानं ॲडजर्नमेंट टाकलं, कॉस्ट लावून अलाऊ झालं." "लास्ट चान्स दिलाय." लास्ट चान्स ही या भाषेतली सर्वांत दीर्घायुषी चीज. एकदा दिलेला लास्ट चान्स पुढच्या पेशीलाही लास्टच असतो. मध्येच पट्टेवाला दारात येऊन पुकारा करतो. आमचं नाव त्यानं असं काही पुकारलं की मी मान वळवून तो दुर्दैवी इसम कोण आहे ते पाहू लागलो. वकिलांनी दंड धरून आत नेलं. दोन मिनिटांत बाहेर आलो तेव्हा वकील प्रसन्न होते.

"काय झालं?" बाहेर थांबलेल्या तिसऱ्या मजल्यानं विचारलं.

"स्टेटस को."

"कुणाचं स्टेटस? व्हॉट्सॲपचं?"

"जैसे थे हो, जैसे थे! शेड आहे तशी राहील."

"म्हणजे आपण हरलो?"

"नाही, नाही," वकील म्हणाले. "कुणीच हरलं नाही. तेच तर त्यातलं सौंदर्य आहे."

त्याच व्हरांड्यात मला माझे खरे गुरू भेटले. काटोलकडचे एक म्हातारबा. डोक्याला दुपट्टा, पायात झिजलेल्या वहाणा, काखेत लाल फडक्यात बांधलेलं दप्तर. बाकावर बसून ते एका जुनियर वकिलाला समजावत होते, "पोरा, आधी कंडोनेशन ऑफ डिले टाक. मंग स्टेचा अर्ज. उलटं केलं का रजिस्ट्री ऑब्जेक्शन काहाडते." पोरगा लिहून घेत होता. मी सरकून जवळ बसलो.

"बाबा, इंग्रजी कुठं शिकलात?"

"इथंच. चवथी पास आहो मी. बाकीचं कोर्टानं शिकोलं."

"मॅटर कशाचं?"

"धुऱ्याचं. माह्या बापानं टाकलं होतं. फर्स्ट अपील झालं, सेकंड अपील झालं, वरून रिमांड झालं. आता पुन्हा खाली."

"धुरा केवढा?"

त्यांनी दोन्ही हात फाकवून दाखवले, मग विचार करून थोडे जवळ आणले.

"आणि खर्च?"

"तेवढ्यात बाजूचं वावर इकत घेता आलं असतं."

"मग मिटवत का नाही?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना सगळी पुस्तकं रद्दीत घालायला सांगितली होती.

"मिटवलं असतं ना बाप्पा. समोरचा बी तयार होता. पण येवढं शिकलो, ते काय वाया जाऊ द्याचं?"

मी त्या दिवशी त्यांच्याकडून इतके शब्द घेतले की लंडनच्या बाईला कायमची रजा दिली. म्हातारबा उच्चाराच्या फंदात पडत नसत. 'एक्स पार्टी' म्हणजे आपण गेलो नाही म्हणून झालेली पार्टी, 'कॅव्हेट' म्हणजे समोरच्याच्या आधी रांगेत ठेवलेली चप्पल, 'होस्टाइल' म्हणजे आपला साक्षीदार ज्याला त्यांनी जेवू घातलं. असा शब्दकोश मला कुठल्याही दुकानात मिळाला नसता.

स्कीममध्ये आता माझा शब्द चालू लागला. पाण्याच्या टाकीवरून कुरबुर झाली की लोक माझ्याकडं यायचे. पूर्वी मी मोटर चालू करायचो आणि विषय संपायचा. आता मी विचारायचो, "लोकस स्टँडाय काय तुमचं?" माणूस घाबरून खाली जायचा आणि तक्रार लेखी घेऊन यायचा. मॅडमनी कचऱ्याच्या बादलीवरून तिसऱ्या मजल्याला 'काइंडली टेक नोटीस दॅट' अशी चिठ्ठी लावली. चौकीदारानं दिवाळीची बक्षिसी 'अंडर प्रोटेस्ट' स्वीकारली. पूर्वी आमच्याकडं भांडणं व्हायची ती आवाज चढवून, तासाभरात संपायची आणि संध्याकाळी एकमेकांकडं सांबारवडी पोचायची. आता आवाज कुणीच चढवत नव्हतं. सगळे फार सभ्य झाले होते आणि सांबारवडी बंद झाली होती.

तळमजलाही गप्प बसला नव्हता. त्यांच्या खिडकीतून एका सकाळी ओळखीचा आवाज आला. ही वॉज अरेस्टेड. ही वॉज चार्ज्ड. तीच पिवळ्या स्वेटरची बाई! संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन वर आले. वाटी पुढं करत म्हणाले, "विदाऊट प्रेज्युडिस बरं का."

"अर्थात," मी म्हटलं. "आणि घेतल्याचा अर्थ ॲडमिशन असा काढू नये."

"ऑल राइट्स रिझर्व्ह्ड."

गोड बोला तेवढं दोघांनीही टाळलं, ते अंगाशी आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या वर्षी एवढ्या आपुलकीनं माझ्याशी कुणी बोललं नाही. पुढं पेशीला आम्ही एकाच ऑटोत जाऊ लागलो. जाताना शब्दांची देवाणघेवाण व्हायची. त्यांना 'रेस ज्युडिकाटा' येत होतं, मला 'इंटरलोक्युटरी' म्हणता यायचं. कोर्टाच्या फाटकाशी उतरलो की एकमेकांकडं न बघता दोन बाजूंनी आत शिरायचो.

मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं. नागपुरात उन्हाळ्यात येतं तसंच, आधी धूळ, मग पत्रे. वादळ ओसरल्यावर खाली जाऊन पाहतो तर पार्किंग मोकळं. चारही पाइप आडवे, पत्रे उडून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर. जुना कूलर तेवढा जैसे थे होता. कोर्टाचा हुकूम पाळणारा आमच्या स्कीममध्ये तो एकटाच.

मी वकिलांना फोन केला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "मॅटर इन्फ्रक्चुअस झालं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता त्यात काही उरलं नाही. पुढच्या पेशीला पर्सिस देऊ, संपलं."

मी शब्द वहीत लिहून घेतला. नवा होता, पण आनंद झाला नाही. वही चाळली. उलटतपासणीसाठी काढून ठेवलेली वाक्यं, 'आय पुट इट टू यू' पासून सुरू होणारी, एकही वापरली गेली नव्हती. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज' म्हणायचं राहिलं होतं. आणि हायकोर्टाचं ते दगडातलं काव्य तर आतून पाहायचंच राहिलं होतं.

खाली तळमजला पाइपांजवळ उभे होते. तोंड उतरलेलं.

"इन्फ्रक्चुअस," मी म्हटलं.

"माझाही वकील तेच म्हणाला." थोडा वेळ ते पत्र्यांकडं बघत राहिले. मग इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणून म्हणाले, "मी पुन्हा उभी केली तर तुम्ही ऑब्जेक्शन घ्याल ना?"

"घेईन म्हणजे काय! स्ट्रेन्युअसली घेईन."

"नक्की ना? नाहीतर माझा खर्च वाया जायचा."

"शब्द दिला."

त्यांचा चेहरा खुलला. आम्ही दोघांनी मिळून प्लॉटवरचे पत्रे ओढून आणले. वर चढायला त्यांच्याकडं शिडी नव्हती. ती मी दिली, पण देण्यापूर्वी त्यांच्याकडून पोच लिहून घेतली, दोन प्रतींत, आणि वर बजावलं की शिडीबाबतचे सर्व वाद नागपूरच्याच हद्दीत चालतील.